वाघाच्या तोंडाची गाडी

आमची गाडी म्हणजे सहा डबे, लोखंडी रूळ आणि दोन चढ-उतार. पुढे ड्रॅगनचं तोंड. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, बाबा ती लावायचे. आमच्या पवनीत आम्हाला सगळे ड्रॅगनवालेच म्हणायचे.

पण मुलं आता मोबाईलवर डोंगराएवढे रोलर कोस्टर बघून येतात. एकदा उतरताना एकजण म्हणाला, "बस, इतकीच?" बाबांचा चेहरा उतरला. मी तेव्हा नागपुरात शिकत होते, तिथल्या पार्कात दोनदा जाऊन आले होते, त्यामुळे शहाणपण नुसतं उतू जात होतं.

"बाबा, नुसतं फिरवून काय होते? कायतरी नवं पाह्यजे, गाडीले गोष्ट पाह्यजे. आपल्याकडं जंगल हाय, वाघ करा."

पावसाळाभर खपून बाबांनी ड्रॅगनच्या जागी पत्र्याचा वाघ केला. मिशांना सायकलच्या तारा लावल्या, पट्टे तीनदा खरवडून पुन्हा रंगवले. इतकं खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डरकाळी माझ्या मोबाईलमधली, भोंग्याला जोडलेली.

पहिली मंडई नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावात होती. भर दुपारी रांग लागली. पहिल्या डब्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली. गाडी चढावर आली आणि मी डरकाळी लावली.

"माय, पळ! माय, पळ!"

गाडी थांबेपर्यंत ती ओरडतच होती. तिला उचलून घेणाऱ्या बाईने सांगितलं, त्याच उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना हिच्या आईला वाघाने नेलं, हिच्या डोळ्यांदेखत. आम्ही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे, आम्हाला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारावं हेही सुचलं नव्हतं.

कोणी हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं. रांग मुकाट्याने पांगली. एक म्हातारे तेवढे जवळ आले.

"काहून गा, कोनं सांगतलं तुले हे कराले?"

मी बाबांच्या शेजारीच उभी होते, मोबाईल हातात.

"कोनी नाही जी," बाबा म्हणाले. "माह्याच डोक्यातून निंगालं."

त्यांनी गाडी पुन्हा कुठेच लावली नाही. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी रडले तरी असते.

मागच्या वर्षी बाबा गेले. मंडईचे दिवस आले की लोक अजून सांगतात, त्या ड्रॅगनवाल्याला काय दुर्बुद्धी सुचली होती कोण जाणे. आणि मी अजूनही गप्पच उभी असते.