मेव्हण्याने नेलेली गाडी

आज मोटरसायकलच्या इंडिकेटरची काच उघडली आणि उगाचच मासळीचा वास आल्यासारखा वाटला.

माझा मेव्हणा तेव्हा बोईसरला आमच्याकडे राहून कामाला होता. शनिवारी माझी गाडी घेऊन जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरला घरी जाई, रविवारी परते. एकदा मागचा इंडिकेटर लागेना. बल्ब बदलला, तरी नाही.

"पाडलीस ना?"

"नाय हो भावोजी, आईशपथ!"

त्याच्यादेखत मी ओरखडे शोधत राहिलो. एकही सापडला नाही, तरी संशय वाढलाच. शेवटी तार ओढली. टोक खाऱ्या पाण्याने हिरवं पडलं होतं. मागे बांधलेल्या मासळीच्या टोपलीतलं पाणी तिथेच ठिबकत असे.

ती मासळी तो आमच्यासाठीच आणायचा.

पुढच्या रविवारीही मासळी आली. तो मात्र रिक्षाने आला, आणि गाडी त्याने पुन्हा कधीच मागितली नाही.