किल्लीचा फोटो

काल माझा एक्स-रे काढताना तंत्रज्ञ भिंतीआड गेला आणि मला भिवाजी आठवले.

साठ सालाच्या सुमाराला तिरोड्याजवळ पुलाचं काम चालू होतं. लोखंडी जोडांत भेग आहे का, ते किरणांनी फोटो काढून पाहायचं काम माझं. किरण टाकणारा धातूचा तुकडा शिशाच्या जड पेटीत असे. कामठ्याचे भिवाजी ती वाहून आणत आणि दुपारी तिच्यावरच बसून जेवत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी बंद पेटीवर माझी किल्ली ठेवली आणि तिच्यावर काळ्या कागदातली कोरी फिल्म. तासाभराने मी अंधाऱ्या तंबूत ती धुतली. काळ्या पडलेल्या फिल्मवर किल्ली दात्यांसकट पांढरी उमटली. पेटीचं झाकण कारखान्यातूनच सदोष आलं होतं आणि इतके महिने किरण बाहेर येत होते.

"अहवाल जाईपर्यंत कुणाला बोलू नका," साहेब म्हणाले.

बाहेर भिवाजी पेटीवर बसून भाकरीचं फडकं सोडत होते.

"भिवाजी, उठा तिथून!"

"काऊन जी? पेटी त बंद हाये."

"गरम झालीय."

त्यांनी हात लावून पाहिला. "थंडीच त हाये," म्हणत ते हसले आणि माझं मन राखायला मातीत जाऊन बसले.

पेटी परत गेली, भिवाजीही दुसऱ्या कामावर गेले. मी खरं सांगितलं नाही. नोकरीच्या भीतीला मी तेव्हा शिस्त म्हणत होतो.