श्रावणात रिकामा दिसलेला समुद्र

कर्जतच्या ज्या फार्महाऊसवर मी स्वयंपाक करते, तिथं गेल्या आठवड्यात तीन दिवस मीटिंग होती. समुद्रात पवनचक्क्या कुठं उभ्या करायच्या, त्या जागा ठरवणारी माणसं. समुद्राचं काम करायला डोंगराखाली कशाला आले, कोण जाणे. इथलं हवामान छान आहे म्हणाले.

मी चहा घेऊन गेले की टेबलावर मोठा नकाशा पसरलेला. दोन दिवस मी त्याच्याकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी कप ठेवायला जागा नव्हती म्हणून कागद बाजूला सारले, तर त्यात एक मराठी कागद होता. चौथीपर्यंत शिकलेय, मराठी वाचता येतं. वर माझ्या माहेरच्या गावाचं नाव. खाली लिहिलेलं, 'पाहणीच्या वेळी या पट्ट्यात मासेमारी आढळली नाही.' आणि नकाशात खोल समुद्रातल्या पंख्यांपासून आमच्या किनाऱ्यापर्यंत तांबडी रेघ. विजेची केबल तिथून येणार, असं त्यांचं बोलणं चाललेलं.

माझे पाय तिथंच थांबले. त्या रेघेवर, खाडीच्या तोंडासमोर, माझ्या भावाच्या जाळ्याचे खुंट आहेत.

आमच्याकडे डोलीचं जाळं लावतात. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, त्यांना जाळं बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं बोंबील आपोआप आत येतात. प्रत्येक घराची जागा ठरलेली, आजोबांच्याही आधीपासून. कागद कुणाकडेच नाही. होडीतून किनाऱ्याकडे बघताना देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खाचेत बसला पाहिजे आणि खाडीवरचे दोन ताड एकामागे एक येऊन एकच दिसले पाहिजेत. दोन्ही जुळलं की खाली आपले खुंट. बाबा हे भावाला शिकवत तेव्हा मी बाजूला बोंबील वाळत घालत असे. मला कुणी शिकवलं नाही, पण अजून पाठ आहे.

मी स्वयंपाकघरात गेले. डाळीला फोडणी दिली ती जळली. मला चार माणसांत बोलता येत नाही. लग्न होऊन इथं आले त्याला वीस वर्षं झाली, अजून दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर मी बाहेर थांबते. पण 'आढळली नाही' हे शब्द डोक्यातून जाईनात. आमचं घर, आमच्या होड्या, सगळं गाव, आणि यांना आढळलं नाही!

जेवण वाढताना मोठ्या साहेबांना विचारलं, "साहेब, त्या मराठी कागदावरच्या आमच्या गावात तुम्ही कधी गेला होतात?"

"तुमचं गाव? मावशी, तुम्ही तिकडच्या का? अहो, मग सुरमई कुठाय आज?" सगळे हसले.

मी परत विचारलं, "कुठल्या महिन्यात?"

त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "जुलैच्या शेवटी. दोन दिवस होतो आम्ही. एकही बोट पाण्यात नव्हती, काकी."

"कशी असेल? नारळी पौर्णिमेच्या आधी आम्ही होडी पाण्यात घालत नाही. सरकारची बंदीपण असते. सगळ्या होड्या किनाऱ्यावर, नारळाच्या झापांखाली. खुंटांवर तरंगणारे बोयेसुद्धा काढून घरात ठेवतो. खुंट तळाला असतात, ते वरून दिसतात होय?"

बोलता बोलता आमटी ताटाबाहेर सांडली. साहेबांनी ताट ओढून घेतलं. "मावशी, आमच्याकडे सॅटेलाइट आहे. तुम्ही भाकऱ्या बघा. गरम येऊ द्या."

त्या मुलीनं पेन्सिलनं कागदावर काहीतरी खूण केली, ती मी पाहिली. ती खूण राहिली की पुसली, मला ठाऊक नाही. संध्याकाळी ते गेले.

मला त्यांच्या पवनचक्क्यांचा राग नाही. वीज आम्हालाही लागते. पण दोन दिवस गावात राहिलेल्या माणसांना एका म्हातारीला विचारता आलं नाही, होड्या वर का काढल्यात म्हणून? सणाला नारळ घेऊन आले असते तर होड्यांच्या गर्दीत किनाऱ्यावर उभं राहायला जागा मिळाली नसती.

भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाय, तू बोललीस? तू?"

"हो."

"मंगलवारी गावात केबलची जनसुनावनी हाय. आमी गेलो तर म्हनतात, कागद दाखवा. तू ये. त्यांनी जुलै म्हटलेला तुज्या कानांनी आयकलाय."

मालकांकडे सुट्टी मागितली. मंगळवारी पाहुणे आहेत, म्हणाले, नंतर बघू. मी स्वयंपाकघराची चावी खिळ्याला अडकवली, मंगळवारी येणार नाही म्हणून सांगितलं आणि घरी आले. नवरा म्हणाला, तू आणि माइकवर? म्हणून हे सगळं लिहून काढलंय. कळस, खाच, दोन ताड. उभी राहिल्यावर तोंडातून शब्द फुटला नाही, तर वही वर धरून वाचीन. पण साहेबांना महिना विचारल्याशिवाय खाली बसणार नाही.