वाकड्या खांद्याच्या मापाचं धनुष्य

आमच्या सासूबाई जावयांशी बोलत नाहीत. तशी रीतच आहे. सासूने जावयाच्या जवळ बसायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. पण ऐकवायचं नाही असं कुठल्याच रीतीत सांगितलेलं नाही. त्यासाठी सासूबाईंनी एक कुत्रा पाळला आहे. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं आमच्याकडे कुत्र्याला बोलतात आणि जावयाला लागतं. सिंदिको समोरून गेला की त्या कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून म्हणत, "बघ बाबा, तू निदान हाड तरी ओढून आणतोस."

सिंदिको माझा साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही दोघंही यायदाच्या खोऱ्यात सासूबाईंच्या वस्तीवर राहतो. आम्हा रानात शिकार करून जगणाऱ्या हाद्झांत झोपडी बायको बांधते, त्यामुळे ती तिचीच असते. बिनसलं तर घर कोणी सोडायचं, यावर आमच्यात वाद होत नाही. पुरुषाने आपलं धनुष्य उचलायचं आणि चालू लागायचं.

सिंदिकोच्या धनुष्याची एकेकाळी चार वस्त्यांत ख्याती होती. त्याच्या डोक्याच्या वर वीतभर जाणारं, मनगटाएवढं जाड. ते कानापर्यंत ओढणं आमच्यापैकी कोणालाच जमलं नव्हतं. मीही एकदा लपून प्रयत्न केला होता आणि दोन दिवस पाठ धरून बसलो होतो. मग एके दिवशी मधासाठी गोरखचिंचेवर चढताना खोडात ठोकलेली त्याच्या पायाखालची खुंटी निसटली. तो खाली आला तो उजव्या खांद्यावर. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. दोरी खेचताना हात छातीपर्यंत येऊन थांबे. अर्ध्या ताणावर सुटलेला बाण कुडूसारख्या मोठ्या हरणापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी त्याला गोचीड चावल्यासारखं वाटतं.

वर्षभर त्याने वाट पाहिली. रोज सकाळी तो त्या मोठ्या धनुष्याला चरबी चोळी, फांदीवर टांगी आणि संध्याकाळी पुन्हा ओढून बघे. सगळ्यांकडे त्याच्यासाठी सल्ला तयार होता. कोणी म्हणे, आता म्हाताऱ्यांत बस आणि दुसऱ्यांचे बाण सरळ करून दे. कोणी म्हणे, पाहुण्यांच्या गाड्या येतात तिथे जा, नुसतं धनुष्य धरून उभं राहायचं, ते फोटो काढतात. त्यावर सिंदिको फार भडकला. मी स्वतः त्याला काय म्हणालो ते सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, बायका खणून आणतात ती कंदमुळं काय वाईट असतात?

पावसाआधी वस्ती हलायची होती. सासूबाईंनी कुत्र्याला सांगून टाकलं की नव्या जागी क्वेला आईजवळच झोपेल. ज्याने मोठं जनावर आणलं नाही त्याच्यासाठी माझी लेक झोपडीच्या फांद्या तोडणार नाही. क्वेला, म्हणजे सिंदिकोची बायको, शेजारीच गोरखचिंचेच्या बिया कुटत होती. तिने आणखी मूठभर बिया दगडावर घेतल्या. आणि कुटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सिंदिकोने एक नवी फांदी तोडून आणली आणि धनुष्य तासायला बसला. झाड तेच, पण धनुष्य अंगठ्याएवढंच जाड आणि त्याच्या हनुवटीपर्यंतच उंच. वस्तीत हशा पिकला. असं धनुष्य आमच्याकडे मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हातात असतं, सरडे मारायला. जांझा नावाचा एक दांडगा शिकारी तेव्हा वस्तीवर आलेला होता. त्याचं क्वेलाकडे लक्ष होतं आणि ते तो लपवतही नव्हता. तो म्हणाला, "दादा, हे कोणाच्या मापाचं केलंस?"

"माझ्या हाताच्या," सिंदिको मान वर न करता म्हणाला. "तुझ्या तोंडाच्या मापाचं लाकूड अजून रानात उगवलं नाही."

हसणारे हसले, पण नेम काही लागेना. सिंदिको वारुळावर नेम धरी आणि बाण डावीकडे जाई. जवळून मारला तरी डावीकडे, लांबून मारला तर आणखी डावीकडे. तो धनुष्याला दोष देई, पुन्हा तासी, दोरी बदली, पकड बदली. बाण आपला डावीकडेच. लोक म्हणू लागले, खांदा वाकडा म्हणून बाण वाकडा. नाचता येईना अंगण वाकडं, असं जांझा म्हणाला तेव्हा मी उठून त्याच्या अंगावर गेलो. जांझाने मला सहज उचलून बाजूला ठेवलं, ती गोष्ट वेगळी.

चूक कुठे होती ते आमच्यापैकी कोणाला दिसलं नाही, कारण ती आमची सगळ्यांचीच खोड आहे. आम्ही झाडावर सालीच्या चकत्या फेकून जुगार खेळतो. धनुष्य कोणी पणाला लावत नाही, पण बाण लावतात. सिंदिकोसारखा चकत्या फेकणारा माणूस मी पाहिला नाही. त्याच्या बाणांत निम्म्याहून जास्त बाण जिंकलेले, आणि तेही दांडग्या लोकांचे, जांझाचेच सात. जिंकलेला बाण पुरुष मिरवतो. तो आपल्याला चालतो की नाही, हे बघायचं कोणाच्या मनातही येत नाही.

एका दुपारी त्याच्याजवळ हाताशी एकच बाण होता. पक्ष्यांसाठी त्याने स्वतः केलेला, सडपातळ, लोखंडी टोक नसलेला. झुडपातून गिनी कोंबडी निघाली, त्याने सहज सोडला आणि कोंबडी जागच्या जागी पडली. मी धावत जाऊन ती उचलून आणली. सिंदिकोने कोंबडीकडे पाहिलंच नाही. त्याने आपले सगळे बाण खाली ओतले आणि एकेक गुडघ्यावर ठेवून वाकवून बघू लागला. ऊन उतरेपर्यंत तेच चाललं होतं. मग म्हणाला, "साडू, हे सगळे आडदांड आहेत. माझं धनुष्य यांना वाकवतच नाही. हे धनुष्याच्या काठीला अडून बाजूला जातात."

त्याने सतरा बाण उचलले आणि जुगाराच्या झाडाखाली नेऊन टाकले. ज्याचे त्याने न्यावेत, म्हणाला. आमच्यात जिंकलेली वस्तू कोणी परत करत नाही; तो दोघांचाही अपमान असतो. जांझा तर लाल झाला. "तुझी भीक कोणी मागितली?"

"भीक नाही," सिंदिको म्हणाला. "जड झाले."

नंतर त्याने बारीक काड्या आणल्या, निखाऱ्यावर शेकल्या, दातांत धरून सरळ केल्या आणि त्यांना नेहमीपेक्षा लांब पिसं बांधली. मोठ्या जनावरासाठी काहींना विष माखलेली लोखंडी टोकं बसवली. आठ दिवस त्याने वारुळाचा पिच्छा सोडला नाही. पंधरा पावलांवरून दहातले आठ लागू लागले. वीस पावलांवरून एकही नाही. तेव्हा त्याने ठरवलं की जनावराजवळ पंधरा पावलांवर जायचं. आम्ही तिप्पट अंतरावरून मारतो आणि त्यालाच जवळ म्हणतो. मी म्हणालो, कुडू काय तुझा मेहुणा आहे, इतक्या जवळ बसू द्यायला?

वस्ती हलायची त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पहाटे निघालो. ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक नर चरताना दिसला, शिंगांना चांगले तीन पीळ. वारा आमच्या तोंडावर होता. मला त्याने मागेच थांबवलं. मग तो पोटावर सरपटत निघाला, तोही डाव्या कोपरावर, कारण उजवा खांदा भार घेत नव्हता. कुडूने मान वर केली की तो थांबे. एकदा सिंदिकोच्या मानेवरून मुंग्यांची रांग गेली, ती मला मागूनसुद्धा दिसत होती. सूर्य झाडांच्या वर आला तेव्हा तो एका झुडपाआड गुडघ्यावर बसला आणि त्याने बाण सोडला. कुडू एकदा उसळला आणि पळाला.

मी जाऊन पाहिलं तर बाणाची काडी खाली पडलेली, टोक आत राहिलेलं. रक्ताचे चारच थेंब. मी म्हणालो, बोटभरसुद्धा गेला नसेल.

"विषाला दार उघडून दिलं," तो म्हणाला. "आता आतलं काम त्याचं."

आम्ही कुडूच्या मागे लगेच गेलो नाही. विषाला वेळ द्यावा लागतो. रात्र रानात काढली. सकाळी माग धरला. दुपारी बाभळीखाली तो कुडू पडलेला सापडला. माझे डोळे भरून आले, हे मी कबूल करतो. सिंदिको त्याच्या शिंगाला टेकून बसला आणि उजव्या खांद्याला शिव्या देऊ लागला, प्रेमाने.

मांसावर काटेरी फांद्या टाकून आम्ही माणसं बोलवायला नव्या जागेकडे निघालो. एव्हाना वस्ती तिकडे पोचली असणार होती. पोचलो तेव्हा बायका झोपड्या बांधत होत्या. सासूबाईंची झालेली होती. तिच्यापासून चांगली लांब, दार दुसऱ्या दिशेला करून, आणखी एक उभी होती. दोन माणसांपुरती. गवतसुद्धा टाकून झालेलं. आम्ही अजून कुडूचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं.

क्वेला बाहेर बसून कंद खणायच्या काठीचं टोक टणक करायला ती निखाऱ्यावर फिरवत होती. काठी नवी होती आणि आमच्या बायकांच्या काठ्यांपेक्षा फारच जाड. ती ओळखायला मला जरा वेळ लागला. सिंदिकोला लागला नाही. त्याचं ते मोठं धनुष्य तिने मधोमध तोडून त्याला टोक काढलं होतं. पुरुषाच्या धनुष्याला बाईने सुरी लावलेली मी कधी ऐकलेली नाही. पलीकडे सासूबाई कुत्र्यासमोर कपाळ धरून बसल्या होत्या आणि आज त्यांना कुत्र्यालाही काही सांगणं सुचत नव्हतं.

"वर्षभर त्याला चरबी खायला घातलीस," क्वेला म्हणाली. "आता ते काम करील. काही मिळालं असेल तर सांग, नसेल मिळालं तरी आत जाऊन बस. ऊन फार आहे."

सिंदिको तिच्याशेजारी खाली बसला. त्याने काठी हातात घेतली, टोकावर अंगठा फिरवला आणि पुन्हा तिच्या हातात दिली.

"अजून थोडं शेक," तो म्हणाला. "टोक मऊ आहे."