मामांच्या रक्तातलं लोखंड

आमचे मामा लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत राहायचे. एवढे दांडगे, की त्यांनी जांभई दिली तर इंजिनाची शिट्टी समजून खालचा फाटकवाला फाटक लावून घ्यायचा. यातलं निम्मं सोडून द्या, तरी उरलेले मामा दोन माणसांएवढे भरतील.

मी देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुण्याचे एक डॉक्टर धडधाकट पुरुषांचं रक्त गोळा करत हिंडत आमच्या डेपोत आले. निरोगी माणसाच्या अंगात लोखंडाचा साठा किती असतो ते आधी पक्कं करायचं, मग कुणाचं कमी नि कुणाचं जास्त ते सांगता येईल, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना थेट मामांपुढं नेऊन उभं केलं. त्यांनी मामांचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि पुढच्या गड्याकडं वळले.

काही दिवसांनी डॉक्टर धापा टाकत वाडीवर परत आले.

"आबा, तुमच्या रक्तात इतकं लोखंड निघालंय, की तुम्ही जिवंत कसे तेच कळेना!"

"आसंल की. चिमूटभर माती घातलती."

"कशात?"

"माज्या रगतात. तुमची पाठ फिरली तवा. आंगाभाईर पडलेलं रगात आपल्या शेताच्या मातीनं झाकावं लागतं, डाक्टर. न्हाईतर ते उटून धन्याला हुडकीत येतं."

आमची माती तांबडीलाल, गंजल्यासारखी. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, दुसरी नळी भरली, लगेच बूच लावलं आणि पिशवीत टाकली. मामा नको नको म्हणत राहिले.

पुढच्या रविवारी मी वाडीवर गेलो. भर दुपारी धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मामा माझ्यासमोर जेवत होते. घास त्यांच्या तोंडात होता आणि बाहेरून मामांचाच आवाज आला, "भाच्या, दार उगड रं."

मी उठलो. मामांनी मनगट धरलं.

"ओ देऊ नगंस. त्येच हाय. डाक्टर गेल्यापास्नं रोज येतंय."

हात बर्फासारखा गार होता. शेतावर जाणं त्यांनी सोडलं होतं, अंगावरचा सदरा लोंबत होता. "माजं मला आणून दे," म्हणाले, "न्हाईतर ह्ये मला घिऊन जाईल."

मी पुणं गाठलं. डॉक्टर खुशीत होते. "अगदी निरोगी! असाच माणूस हवा होता मला!" मी हट्टच धरला तेव्हा हसत हसत नळी दिली. गाडीत ती सदऱ्याच्या खिशात होती. बेगडेवाडी गेलं, घोरावाडी गेलं, आणि काच तापत चालली. वडगावला तर मी रुमालात गुंडाळून धरली. खोटं सांगत नाही.

मामांनी दारातच खड्डा खणला, रक्त ओतलं, शेताच्या मातीनं झाकलं, वरून थापटलं. आत येऊन पोटभर जेवले. तोंडावर रंग आला.

मग हात धुताना म्हणाले, "समदं दिलं ना डाक्टरानं?"

"उरलेलं दिलं, मामा. थोडं तपासणीत संपलं."

"संपलं म्हंजी? कुटं गेलं?"

तेवढ्यात धुक्यातून हाक आली. आवाज त्यांचाच, पण अगदी बारीक, थेंबाएवढा.

मामांनी दार उघडलं आणि पाहुण्याला वाट द्यावी तसे बाजूला सरले. मूठ शेताच्या मातीनं भरलेली होती.