भरल्या वर्गातलं टेस्टिंग

वर्गावर्गात इंटरनेट आणायचं ठरलं आणि खरेदीचं झेंगट माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेची पर्यवेक्षिका. जे काम कुणालाच नको असतं, ते माझं. दोन विक्रेते आले आणि साखरेत घोळलेलं बोलून गेले. तिसरे आले ते साठीचे, खिशाला टेस्टर खोचलेले. किंमत सांगायच्या आधी त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या.

"भिंती जाड आहेत, बाई. एका वायफायच्या डब्यावर दोन वर्ग भागणार नाहीत. प्रत्येक वर्गात वेगळा लावा, नाहीतर माझ्या नावाने बोटं मोडाल."

गोड बोलणाऱ्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा. काम यांनाच दिलं. शिपायांनी लगेच त्यांना 'वायरवाले' करून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीभर ते आमच्या रिकाम्या शाळेत एकटे राबत होते. जिन्याखाली स्विचचं कपाट बसवलं, तिथून पट्टीतून प्रत्येक वर्गात केबल नेली, फळ्याच्या वर पांढरे डबे लावले. कचरा स्वतः झाडायचे, हे मला आवडलं. फक्त एक खोड होती. जेवणाचा डबा ते पाचवी बमध्येच उघडायचे. तिथला पंखा नुसता कुरकुरतो, वारा देत नाही. शेजारचा वर्ग चांगला हवेशीर, पण नाही.

"तरुणपणी टेलिफोनच्या खांबांवर चढलो, मग शाळांचं काम धरलं," एकदा जेवणाचा डबा पुसता पुसता ते म्हणाले. "हे काम सुट्टीतलं. मुलं यायच्या आत गाशा गुंडाळायचा. इतक्या शाळा केल्या, पण भरलेली एकही पाहिली नाही."

काम वेळेत संपलं. मी सही करायला पेन काढलं, तर म्हणाले, "एवढ्यात नको. रिकाम्या वर्गात सिग्नल मजेत धावतो, मुलं बसली की अडखळतो. शाळा सुरू झाली की भरल्या वर्गात एकदा टेस्टिंग करू."

काम संपल्यावर सही नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मनात पाल चुकचुकली. बिल फुगवायचा डाव असेल, असं वाटलं आणि तसं मी तोंडावर बोललेही. त्यांनी मान हलवली. "वर एक पैसा मागणार नाही."

शाळा सुरू झाली तसे ते आले. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. बाकीचे वर्ग त्यांनी झटपट उरकले. पाचवी बमध्ये मात्र घोडं अडलं. मुलांच्या हातात टॅब होते, चित्र उघडलं की हात वर करायचा होता. हात केव्हाच वर झाले होते, तरी हे बाकाबाकाशी थांबत होते. मुलांना भराभर मागे टाकायचे आणि मुलींपाशी रेंगाळायचे. खिडकीजवळच्या एका मुलीला त्यांनी "दिसतंय ना बाळा?" असं दोनदा विचारलं. गणिताच्या बाईंचा तास बुडत चालला होता. त्या माझ्याकडे डोळे वटारून पाहू लागल्या आणि मला राहवेना.

"काय हो, सिग्नल शोधताय की गुप्तधन?"

वर्ग खिदळला. तेही हसले, पण उशिरा.

जिन्यात गाठून मी त्यांना फैलावर घेतलं. मुलींभोवती असं घुटमळलेलं माझ्या शाळेत चालायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. ते पायरीवर मटकन बसले.

"माझी नात आहे त्या वर्गात. तुमच्या चौकातल्या औषधवाल्याची मुलगी. तो माझा मुलगा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. परगावच्या एका शाळेच्या तळघरात ते केबल ओढत असताना घरी बायको कोसळली. मुलगा फोन लावत राहिला, तळघरात तो लागला नाही. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. "आता शाळाच सांभाळा," एवढं बोलून मुलाने बिऱ्हाड हलवलं. तेव्हा नात रांगत होती. नंतर भेट नाही, फोटो नाही. पाचवी बमध्ये शिकते, एवढं कुणीतरी सांगितलं होतं.

"मग ते टेस्टिंग खोटंच?"

"खरं आहे. पण एरवी त्यासाठी कोण परत येतंय? वाटलं, बघताक्षणी ओळखेन. तिघींपाशी पाय थांबले. त्यांच्यात होती का ती? एवढंच सांगा."

औषधवाल्याची मुलगी मला चांगली माहीत होती. त्या दिवशी ती तापाने घरी होती. मी तसं सांगितलं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि टेस्टर उगाच शर्टाला पुसत राहिले. त्यांच्या मुलाचा राग मला कळत होता, तो खोटा नव्हता. पण दहा वर्षांची भूक अशी समोर बसलेली असताना नियम कुठून सुचणार?

"वर्ग पूर्ण भरलेला नव्हता," मी म्हणाले. "अर्धवट टेस्टिंगवर मी सही करत नाही. ती आली की कळवते. पण बोलायचं नाही तिच्याशी. नुसतं बघायचं."

"नाही बोलणार. शब्द देतो."

ताप उतरल्याचं कळलं, तसा मी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ते हजर. फाटकाच्या आतल्या कट्ट्यावर आम्ही बसलो.

"कोणती ते दाखवू का?"

"नको, बाई. ओळखू द्या मला."

मुली येऊ लागल्या. एकेकीकडे ते असे बघत होते, की मला दुसरीकडे पाहावं लागत होतं. एखादीवर नजर ठरायची, चेहरा उजळायचा, मग ती मैत्रिणीकडे वळून हसली की पुन्हा विझायचा. ते स्वतःशीच मान हलवायचे.

मग ती आली. आजारपणाने उतरलेली, दप्तर एका खांद्यावर. आमच्या अगदी पुढ्यात थांबून ती बुटाची नाडी बांधायला वाकली. मला म्हणाली, "नमस्ते, बाई." मी मान डोलावली. जीभ नुसती शिवशिवत होती, पण त्यांनी नको म्हटलं होतं. नाडी बांधून ती आत गेली.

वायरवाल्यांनी पाय थोडे बाजूला घेतले होते, तिला जागा व्हावी म्हणून. ते फाटकातून येणाऱ्या पुढच्या मुलींकडेच बघत होते.