बाबांचं पहिलं श्राद्ध

बोईसरजवळच्या सालवडच्या चाळीसमोर टॅक्सी उभी होती आणि बाबा माझ्या बॅगेला सुतळी बांधत होते. बॅग नवी होती, चेन चांगली होती, तरी बांधत होते. चाळीतून कॅनडाला जाणारी मी पहिलीच, म्हणून शेजारीपाजारी सगळे बाहेर आलेले. आई तेवढी आत राहिली होती. बाबांनी गाठ ओढून पाहिली आणि म्हणाले, "सांगून चाललीस, बरं करतेस. न सांगता गेलेल्याला परतीची वाट नसते."

तेव्हा मला वाटलं, बाप आहे, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

तुमच्यापैकी जे मागे राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्या दोघांनाही हे सांगायचं आहे. परदेशात आल्यावर पहिली काही वर्षं माणूस पुढेच बघतो. बेसमेंटमधलं भाड्याचं घर, मग अपार्टमेंट, मग मॉर्गेज. सकाळी मुलांना डेकेअरला सोडायचं, बर्फ खरवडून गाडी काढायची. बोईसरच्या कंपन्यांचा भोंगा, वाऱ्याची दिशा बदलली की नाकात शिरणारा आंबूस वास, पाम गावातल्या आजोळी दोरीवर वाळणारे बोंबील, हे सगळं कुणा दुसऱ्याच्या लहानपणातलं वाटायला लागतं. मग एक दिवस मुलगा शाळेतून कागद घेऊन येतो. फॅमिली ट्री काढायचं असतं. आईच्या बाजूच्या फांद्या भराभर भरतात आणि बाबांच्या बाजूला आजोबांच्या नुसत्या नावावर कागद संपतो.

बाबा दुष्काळी भागातून बोईसरला आले आणि कारखान्यात लागले. आईशी लग्न तिथेच झालं. गावाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "बापानं हाकललं, मी निघालो. मी कुठं आहे ते माणसाकरवी कळवलंय. यायचं तर त्यांनी यावं." दिवाळीत कुणी अनोळखी म्हातारा चाळीत शिरला की बाबांची मान वर व्हायची. मग ते पेपर पुन्हा तोंडासमोर धरायचे. पुढे पुढे शिव्या द्यायला लागले. असला बाप वैऱ्यालाही मिळू नये, म्हणायचे. आम्हाला वाटायचं, खरोखरच असला बाप कुणाला मिळू नये.

बाबा गेले तेव्हा मी विमानाचं तिकीट मिळेना म्हणून इकडे कॅनडात, मिसिसागातच अडकले होते. त्यानंतर मी शोध सुरू केला. हातात फक्त रामचंद्र धोंडीबा हे बाबांचं नाव, आडनाव, कुलदैवत आणि त्यांच्या जुन्या कागदावरचं तालुक्याचं नाव, जत. आमचं आडनाव त्या तालुक्यात गावोगाव.

इंटरनेटवर कुळं शोधणाऱ्या मराठी लोकांचा एक ग्रुप आहे. कुणी मॉरिशसला गेलेले पणजोबा शोधतं, कुणी फाळणीत हरवलेली आत्या. तिथे मला दिनकरकाका भेटले. नाशिकचे निवृत्त शिक्षक. आजारी बायकोची सेवा करता करता दुसऱ्यांची पाळंमुळं खणून काढायची, हाच त्यांचा विरंगुळा. ते म्हणाले, "ताई, सरकारी दप्तराच्या मागे लागू नका. तीर्थक्षेत्राच्या उपाध्यायांकडे गावागावाप्रमाणे यजमानांच्या वह्या असतात. तुमच्या घरातलं कुणीतरी कधीतरी पिंडदानाला गेलं असेलच." त्र्यंबकला जाऊन, उपाध्यायांच्या माजघरात बसून, त्यांनी माझ्यासाठी एकेक गाव चाळलं. दर आठवड्याला फोटो यायचे. नव्हे, हे नव्हे, हेही नव्हे, असं चाललं होतं.

एका दुपारी त्यांचा निरोप आला. "धोंडीबा नावाचे गृहस्थ मिळाले. मुलाचं नाव रामचंद्र, कुलदैवतही जुळतं. पण हा तुमचा माणूस नसावा. ह्यांचा मुलगा फार आधी वारला."

फोटो उघडला. धोंडीबांनी एकुलता एक मुलगा रामचंद्र याचं क्रियाकर्म केलं होतं. बोईसर मुक्कामी कारखान्यात अपघाताने वारला, देह मिळाला नाही, असं लिहिलं होतं. खाली अंगठा होता. तारीख माझ्या जन्माच्या थोडी आधीची.

मी काकांना फोन केला. म्हटलं, माझे बाबा त्यानंतर तीस वर्षांहून जास्त जगले. मला खांद्यावर घेऊन चिंचणीच्या समुद्रावर नेलं त्यांनी. काकांनी ती नोंद मला पुन्हा एकदा वाचून दाखवली. मग म्हणाले, "ह्या कामात मेलेली माणसं सापडतात, ताई. जिवंतपणी मेलेला मी पहिल्यांदा बघतोय. आई आहेत ना तुमच्या? त्यांना विचारा. पण फोनवर नको."

हिवाळ्यात मी सालवडला गेले. चाळीच्या जागी आता बिल्डिंग आहे, लिफ्ट आहे, खाली बिहारी मुलांचं मोबाईल रिपेअरिंग. आई जमिनीवर बसून सुपातला जवळा निवडत होती. मी फोनवरची नोंद वाचून दाखवली. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हातारा त्र्यंबकला गेला व्हता तर," ती म्हणाली. "जव्हारवरून गेला असंल. तिकडची एसटी कुठं मिलंल, मीच सांगितलं त्याला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मग तिने सगळं सांगितलं. आवाज न चढवता, जवळा निवडत निवडत. बाबा पहिल्या पाळीला गेले होते. दारात म्हातारा उभा राहिला. डोक्याला पटका, धुळीने भरलेले पाय. तिने पाणी दिलं. त्याने रामचंद्राला न्यायला आल्याचं सांगितलं. राग केला ती चूक झाली म्हणाला. आणि म्हणाला, त्याची बायको तिकडे वाट बघत बसली आहे, लग्नाला दोन पावसाळेही झाले नव्हते तेव्हा निघून आला.

"तू पोटात व्हतीस," आई म्हणाली. "मी त्याला इचारलं, बायको कोनाची? तो म्हनला, रामाची. मंग मी सांगितलं, राम मेला. कंपनीत जलला, हाती काय लागलं नाय. मी शेजारीन हाय, खोली आता मला दिली."

"आणि त्यांनी विश्वास ठेवला?"

"पोटुशी बाई खोटं बोलंल असं कोनाला वाटतं? बसला तिथंच उंबऱ्यावर. मंग इचारलं, जाताना काय बोलला का. मी म्हनलं, तुमचं नाव घेतलं." तिने सुपातला कचरा वेगळा केला. "लई रडला. पन बरं वाटलं त्याला. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला."

"बाबा आयुष्यभर त्यांची वाट बघत होते, आई. शिव्या देत होते त्यांना. तू समोर बसून ऐकायचीस."

"ऐकायची की."

"एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

आईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "त्यानं मला सांगितलं नाय लगीन झालंय. मी त्याला सांगितलं नाय बाप आलाय. फिटलं."

मी गावाला गेले. दिनकरकाकांनी तिकडच्या एका चुलतभावाचा नंबर मिळवून दिला होता. मी कोण आणि आईने धोंडीबांना काय सांगितलं होतं, हे मी त्याला फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे पोचायच्या आधीच घराला सगळं कळलं होतं. धोंडीबा कधीच गेलेले. हिराबाई होत्या. बाबांची पहिली बायको. कपाळ मोकळं, हात मोकळे, दातांत मिश्री. कॉट सोडून त्या माझ्यासमोर खाली बसल्या आणि माझा चेहरा असा बघत राहिल्या की मला माझं नाक, माझी हनुवटी लपवावीशी वाटली.

"तुज्या बाचं कितवं वर्सश्राद्ध झालं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजी तवापातूर जित्ता व्हता." त्या स्वतःशीच बोलल्या. "मामंजी आलं त्र्यंबकास्नं, दारातनंच हाळी दिली. बायकांनी धरून माज्या बांगड्या फोडल्या. एकोणीस वर्साची व्हते म्या. भाऊ दुसरं लगीन लावून देतो म्हनला, तर म्या म्हनलं, न्हाई. ज्यानं मरताना बापाचं नाव घेतलं, त्येच्या नावानं ऱ्हाईन." मग विचारलं, "घेतलं व्हतं का खरंच? आता मेला तवा?"

मी तिथे नव्हते, एवढंच मला बोलता आलं.

चुलतभाऊ म्हणाला, काकू, आता खऱ्या तारखेला पान वाढू. त्या हसल्या. ते हसू मला कुठेही ठेवता येत नाही. "आता मला काय रडाया सांगू नगासा. माजं सगळं रडून झालं जित्त्या मानसापायी. मेल्याला काय उरलं न्हाई." उठताना त्यांनी माझ्या हातातल्या बांगड्यांवरून बोट फिरवलं. "तुज्या आईला सांग, म्या शिव्या दिल्या न्हाईत. आनि तू परत येऊ नगंस. तुजं तोंड त्येचंच हाय."

दिनकरकाकांना मी सगळं कळवलं. त्यांनी लिहिलं, "ताई, ग्रुपवर टाकू नका." एरवी कुणाचं कुळ लागलं की तिथे पेढ्यांचे फोटो पडतात. माझ्या नावापुढे अजून 'शोध चालू' असंच आहे. मुलाच्या फॅमिली ट्रीचा कागदही तसाच राहिला. तो आता विचारत नाही.

सालवडला परतले तेव्हा आईने दार उघडून पहिला प्रश्न विचारला, "दिसायला कशी हाय ती?" मी म्हटलं, चांगली आहे. "माझ्यापेक्षा?" मी चपला काढायला वाकले. ती खिडकीशी गेली. मग म्हणाली, "मी खरं बोलले असते तर तू कुठं असतीस, सांग."  त्या उंबऱ्यावर म्हाताऱ्याला खरं कळलं असतं तर तो मुलाला घेऊन गेला असता, हिराबाईंच्या हातात बांगड्या राहिल्या असत्या, आणि सालवडच्या खोलीत एक पोटुशी बाई एकटी उरली असती. मी त्या खोट्याची लेक आहे.

इकडे लोक विचारतात, घरी कधी जाणार? पूर्वी 'घर' म्हटलं की बाबा दिसायचे. आता मला दोन घरं आहेत. एकाने परत येऊ नकोस म्हणून सांगितलंय आणि दुसऱ्यात आई आहे. दर हिवाळ्यात मी दुसऱ्या घरी जाते. तिला डोळ्यांना कमी दिसतं, गुडघे धरलेत, तरी मी आले की ती तांदळाची भाकरी थापते, जवळ्याची चटणी करते आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहते. मी ठरवून जाते की ह्या खेपेला घास घशाखाली उतरू द्यायचा नाही. आणि दर खेपेला मी दुसरी भाकरी मागून घेते.